कस्टम कॅमेरा लेन्स बनवून घ्यायची आहे? आधी गरजा कागदावर अशा मांडा

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मालकांनी मूठभर तूरडाळ तळहातावर पसरली आणि एका दाण्यावर नखाचं टोक टेकवलं. दाण्याच्या कडेला खसखशीहून लहान काळा डाग होता. "एवढा डाग तुमच्या मशीनला दिसला पाहिजे," ते म्हणाले. "पोत्यात असे दाणे दिसले की व्यापारी लगेच भाव पाडून मागतो."

मी डाळ निवडायच्या मशीनवर काम करतो: कॅमेरा पडणारे दाणे बघतो आणि डागी दाणा हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडवला जातो. आपल्याकडे मिलवाले या मशीनला सरसकट 'सॉर्टेक्स' म्हणतात. त्या रात्री मी पुण्याच्या एका लेन्स डिझायनर मॅडमना मेल केला: "लाइन स्कॅन कॅमेऱ्यासाठी २० मि.मी.ची लेन्स हवी. शार्प असावी, उजेड भरपूर घेणारी असावी, किंमत वाजवी असावी." (लाइन स्कॅन कॅमेरा म्हणजे एका वेळी चित्राची एकच ओळ टिपणारा कॅमेरा.) दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात किमतीचा आकडा नव्हता, एकतीस प्रश्न होते. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. उरलेली शोधण्यात दोन महिने गेले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हा लेख. उदाहरण डाळीचं आहे, पण तुम्ही वाळूजला गाडीचे पार्ट तपासत असा, जालन्याला मोसंबी निवडत असा की हिंगोलीत हळदीच्या कांड्या, क्रम हाच राहतो.

१. लेन्स बाजूला ठेवा, आधी वस्तू मोजा

डिझायनरला लेन्सचे आकडे देण्याआधी आपल्याला काय पाहायचंय त्याचे आकडे हवेत. मी मिलमधून चार पुड्या आणल्या: चांगली डाळ, डागी डाळ, न फुटलेला गोटा आणि खडे. भिंगाखाली पट्टी ठेवून डाग मोजले. मालकांना जो सगळ्यात लहान डाग चालणार नव्हता, तो साधारण अर्धा मि.मी. निघाला.

मग चार गोष्टी लिहून काढल्या:

- सगळ्यात लहान काय दिसलं पाहिजे: ०.५ मि.मी.चा डाग.
- एका कॅमेऱ्याने किती रुंदी बघायची: ३०० मि.मी., म्हणजे ज्या उतरत्या पत्र्यावरून डाळ घसरते त्या घसरगुंडीची पूर्ण रुंदी.
- वस्तू किती वेगाने जाते: घसरगुंडीवरून सुटलेला दाणा कॅमेऱ्यासमोर सुमारे ३.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने पडतो.
- वस्तू पुढेमागे किती हलते: दाणे एका रेषेत पडत नाहीत, उसळतात. आमच्याकडे ही जाडी ८ ते १० मि.मी. भरली.

चौथा आकडा नवखा माणूस हमखास विसरतो. मीही विसरलो होतो. तो पुढे सहाव्या पायरीत उपयोगी पडतो.

२. कस्टम लेन्स खरंच लागते का, ते पडताळा

कॅटलॉगमधल्या तयार लेन्सने काम भागत असेल तर तीच घ्या. कस्टम लेन्समध्ये डिझाइनचा, टूलिंगचा (म्हणजे खास साचे-हत्यारांचा) आणि पहिल्या नमुन्यांचा एकवेळचा खर्च असतो. तो दहा नगांवर पडला तर एका लेन्सची किंमत ऐकून तुम्ही प्रकल्पच गुंडाळाल. म्हणून आधी दोन-तीन तयार लेन्स आणून प्रत्यक्ष मालावर चालवा आणि नेमकं कुठे अडतं ते लिहून ठेवा.

आमचं कुठे अडलं ते सांगतो, कारण ते ओळखायला मला फार वेळ लागला. चाचणीच्या दिवशी मालकांनी रिजेक्शनचं पोतं सोडलं आणि त्यात हात घातला. हातात आली ती पिवळीधमक, एकही डाग नसलेली डाळ. घसरगुंडीच्या मधल्या भागातलं मशीनचं काम चोख होतं, दोन्ही कडांना मात्र ते चांगला माल उडवत होतं. मी तीन आठवडे सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कडेच्या एका दाण्याचा फोटो मोठा करून पाहिला. दाण्याच्या एका बाजूला लाल किनार होती, दुसऱ्या बाजूला निळी. लेन्स चित्राच्या कडेला लाल आणि निळी प्रतिमा वेगवेगळ्या आकाराची पाडत होती आणि मशीन त्या किनारीला डाग समजत होतं. याला लॅटरल कलर म्हणतात. तयार लेन्समध्ये तो फोटो काढण्यापुरता आटोक्यात असतो. डाळ निवडण्यापुरता असेलच असं नाही.

अशी एक ठोस अडचण हातात आली की मगच कस्टमचा विषय काढा. "कंपनीने आपली स्वतःची लेन्स काढली" हे सांगायला छान वाटतं, पण खर्च करायला ते कारण पुरत नाही.

३. कॅमेऱ्याचा ड्रॉइंग-कागद समोर घ्या

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या जाहिरातीच्या माहितीपत्रकावर अवलंबून राहू नका. कंपनीकडून मेकॅनिकल ड्रॉइंग आणि सेन्सरची डेटाशीट मागून घ्या. त्यातून हे उचला:

पिक्सेलचा आकार आणि पिक्सेलची संख्या. आमचा सेन्सर २०४८ पिक्सेलचा, पिक्सेल ७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). म्हणजे सेन्सरची लांबी १४.३४ मि.मी. लेन्सने पाडलेलं गोल चित्र किमान एवढ्या व्यासाचं हवंच, शिवाय बसवताना सेन्सर थोडा इकडेतिकडे होतो म्हणून वर अर्धा-पाऊण मि.मी. धरा.

इथे एक सापळा आहे. सेन्सरच्या नावात 'इंच' असेल तर त्याला २५.४ ने गुणू नका. '१ इंच' सेन्सरचा कर्ण २५.४ मि.मी. नसतो, सुमारे १६ मि.मी. असतो. '२/३ इंच'चा सुमारे ११ मि.मी. असतो. ही नावं जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या मापावरून आली आणि तशीच राहिली. कागदावर इंच लिहूच नका, मि.मी. लिहा.

सेन्सरच्या पुढे किती काच आहे. ही ओळ अधोरेखित करा. सेन्सरवर झाकणाची पातळ काच असते, काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. १ मि.मी. जाडीची काच फोकस सुमारे ०.३३ मि.मी. मागे ढकलते. आमच्या कॅमेऱ्यात तर प्रिझम होता, जो प्रकाश लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड अशा चार सेन्सरवर वाटतो. एवढी जाड काच वाटेत असली की तिला धरूनच लेन्सचं डिझाइन करावं लागतं, नाहीतर फोकसही चुकतो आणि चित्रही मऊ पडतं. मी पहिल्या मेलमध्ये प्रिझमचा उल्लेखच केला नव्हता. मॅडमच्या एकतीसपैकी पहिला प्रश्न तोच होता.

प्रिझम असेल तर आणखी एक विचारा: प्रकाश किती तिरका आलेला चालतो? प्रिझमवरचे रंग वेगळे करणारे थर तिरक्या किरणांना वेगळा प्रतिसाद देतात, मग चित्राच्या एका कडेला रंगाची झाक येते. कॅमेरा बनवणाऱ्यांकडे याची मर्यादा असते, ती लेखी घ्या.

४. तीन ओळींचं गणित

कागद-पेन घ्या, कॅल्क्युलेटर पुरतो.

मोठेपणाचं प्रमाण: सेन्सरची लांबी भागिले दिसणारी रुंदी. १४.३४ ÷ ३०० = ०.०४७८.

एक पिक्सेल मालावर किती जागा बघतो: ३०० ÷ २०४८ = ०.१४६ मि.मी. म्हणजे अर्ध्या मि.मी.च्या डागावर साडेतीनच्या आसपास पिक्सेल येतात. तीनच्या खाली जाऊ नका. तुमचा कॅमेरा साधा रंगीत असेल, म्हणजे एकाच सेन्सरवर रंगांची चौकट असेल, तर आणखी जास्त पिक्सेल धरा, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल एकच रंग बघतो.

फोकल लेंथ (लेन्स किती अंतरावरून किती रुंद बघते हे ठरवणारं तिचं माप): अंतर × प्रमाण ÷ (१ + प्रमाण). मशीनच्या सांगाड्यात दाण्यापासून लेन्सपर्यंत ४५० मि.मी. जागा होती. ४५० × ०.०४७८ ÷ १.०४७८ = सुमारे २०.५ मि.मी.

हे सगळं काढल्यावर डिझायनरला फोकल लेंथ 'अंदाजे' म्हणून द्या. पक्के आकडे दोनच: दिसायची रुंदी आणि उपलब्ध जागा. मी '२० मि.मी.' असं ठाम लिहिलं होतं. खऱ्या लेन्सला जाडी असते आणि ४५० मि.मी. कुठून मोजले हे मी सांगितलंच नव्हतं: पुढच्या काचेपासून, की लेन्सच्या पोटातल्या एखाद्या काल्पनिक प्रतलापासून? आता मी नेहमी दोन अंतरं देतो: दाण्यापासून लेन्सच्या पुढच्या टोकापर्यंत किमान किती, आणि दाण्यापासून सेन्सरपर्यंत एकूण किती. एवढ्यावर डिझायनरला मोकळेपणाने काम करता येतं.

५. माउंट आणि मागची जागा

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकवायची जोडणी. सी-माउंटमध्ये लेन्सच्या बसायच्या कडेपासून सेन्सरपर्यंत १७.५२६ मि.मी. असतात, सीएस-माउंटमध्ये १२.५२६, एफ-माउंटमध्ये ४६.५. लेन्सचं शेवटचं भिंग सेन्सरच्या किती जवळ जाऊ शकतं हे यावर आणि प्रिझमवर ठरतं.

आमचा कॅमेरा एफ-माउंटचा होता. २०.५ मि.मी. फोकल लेंथची लेन्स आणि मागे ४६.५ मि.मी. मोकळे सोडायचे, म्हणजे दुपटीहून जास्त. अशा लेन्सला पुढे मोठी पसरवणारी भिंगं लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. लेन्स लांब होते, जड होते, भिंगं वाढतात. किंमत कुठून वाढली हे मला या एका आकड्यावरून समजलं. तुमचा कॅमेरा अजून ठरायचा असेल तर लेन्स डिझायनरशी बोलून मगच ठरवा. आम्ही कॅमेरा आधी विकत घेऊन बसलो होतो.

एफ-माउंट फिरवून अडकवायचा असतो, त्यात स्प्रिंगमुळे बारीक ढिलाई राहते. मशीन थरथरणारं असेल तर आट्यांचा (चुडीचा) माउंट मागा.

६. उजेड आणि फोकसची खोली: इथे घाई नको

आता वेग बघा. दाणा ३.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने पडतो आणि एक ओळ ०.१४६ मि.मी.ची आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २४,००० ओळी. एका ओळीला उजेड घ्यायला वेळ मिळतो ४१ मायक्रोसेकंद, तोही जास्तीत जास्त. म्हणून 'उजेड भरपूर घेणारी लेन्स हवी' असं वाटणं साहजिक आहे आणि माणूस लगेच एफ/१.४ लिहून मोकळा होतो.

पण अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, जितकं मोठं (एफचा आकडा जितका लहान), तितकी फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढ्या अंतरात वस्तू स्पष्ट दिसते ते अंतर, कमी. एका पिक्सेलएवढा धूसरपणा चालवून घेतला, तर आमच्या मापांत हिशोब असा पडतो:

- एफ/१.४ ला खोली सुमारे ९ मि.मी.
- एफ/२.८ ला सुमारे १८ मि.मी.
- एफ/४ ला साधारण २५ मि.मी.

दाणे ८ ते १० मि.मी. उसळतात. एफ/१.४ घेतलं असतं तर निम्मे दाणे फोकसच्या काठावर पडले असते आणि मशीन बसवताना एका मि.मी.चीही चूक चालली नसती. एफ/४ घेतलं तर एफ/२.८ च्या निम्माच उजेड मिळतो. आम्ही एफ/२.८ वर थांबलो आणि कमी पडणारा उजेड एलईडीच्या पट्ट्यांनी भरून काढला. पट्टी वाढवणं स्वस्त पडतं, भिंग मोठं करणं महाग. हा निर्णय डिझायनरवर सोडू नका. तुमचा माल किती उसळतो हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

उलट टोकाचीही चूक होते. खोली हवी म्हणून कोणी एफ/१६ लिहितो. ७ मायक्रॉनच्या पिक्सेलला सगळ्यात बारीक रेघा ७१ लाइन पेअर (काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्या) प्रति मि.मी. इतक्या दाखवता येतात. एफ/१६ ला प्रकाशाच्या स्वतःच्या विवर्तनामुळेच, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळेच, त्या रेघांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २५ टक्के उरतो, लेन्स कितीही उत्तम असो. एफ/८ ला ६० टक्के, एफ/२.८ ला ८६ टक्के. हे वरचं छप्पर आहे, याच्यापुढे कोणाचीच लेन्स जात नाही.

आणि मशीनमध्ये अपर्चर फिरवायची कडी हवीय का? आम्ही ठाम 'नाही' लिहिलं. फिरणारी वस्तू म्हणजे धूळ शिरायची फट आणि हलायची जागा.

७. कोणता प्रकाश वापरणार, ते आलेखासकट द्या

'पांढरा एलईडी' एवढं लिहून भागत नाही. एलईडी बनवणाऱ्याकडून तरंगलांबीचा आलेख घ्या आणि जोडा.

आम्हाला दृश्य प्रकाशाबरोबर ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेडही लागत होता, कारण डाळीच्याच रंगाचा मातीचा खडा बरेचदा इन्फ्रारेडमध्ये वेगळा दिसतो. साधी लेन्स मात्र दृश्य प्रकाशासाठी दुरुस्त केलेली असते. रंग फोकसमध्ये आणला की इन्फ्रारेड फोकसबाहेर जातो. चार सेन्सर एकाच वेळी बघणार असतील तर ४५० ते ८७० नॅनोमीटरपर्यंत सगळं एकाच जागी फोकस व्हायला हवं, आणि लाल-निळ्या प्रतिमेतला फरक कडेलाही अर्ध्या पिक्सेलच्या आत, म्हणजे साडेतीन मायक्रॉनच्या आत हवा. आमच्या कागदावरची ही सगळ्यात कडक अट. त्या रिजेक्शनच्या पोत्याचं उत्तर याच ओळीत होतं. तुम्हाला एकच रंग पुरत असेल, उदाहरणार्थ फक्त लाल एलईडी, तर तसं स्पष्ट लिहा. डिझाइन कितीतरी सोपं होतं.

कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा भिंगावरचा थर, कोणत्या तरंगलांबींसाठी हवं तेही इथेच लिहा. कोटिंग नसलेल्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. आठ भिंगं म्हणजे सोळा पृष्ठभाग. शेवटी जेमतेम ५२ टक्के प्रकाश आत पोहोचतो. दृश्य प्रकाशापुरतं कोटिंग घेतलं तर इन्फ्रारेडचं असंच नुकसान सोसावं लागू शकतं.

८. 'शार्प' हा शब्द खोडा

शार्प म्हणजे किती? डिझायनरची भाषा एमटीएफची आहे: अमुक बारीक रेघांचा कॉन्ट्रास्ट किती टक्के उरतो. मी सुरुवातीला सगळीकडे ९० टक्के मागितले. वर पाहिलंच, एफ/२.८ ला निसर्गच ८६ टक्क्यांवर थांबतो. मॅडमनी फोनवर समजावलं, "दादा, तुम्हाला डागाचा कॉन्ट्रास्ट किती लागतो ते सांगा, मी लेन्सचा किती लागतो ते सांगते." मग आम्ही ठरवलं: ३६ लाइन पेअरला ६० टक्के, ७१ ला ३५ टक्के, मध्यावर आणि कडेला दोन्हीकडे, चारही रंगांत.

यातला सगळ्यात मोठा सापळा असा, की एमटीएफ दोन प्रकारचा असतो. एक संगणकातल्या निर्दोष डिझाइनचा, दुसरा प्रत्यक्ष घासून, चिकटवून, नळीत बसवून तयार झालेल्या नगाचा. भिंग कणभर तिरकं बसलं तरी दुसरा आकडा घसरतो. कागदावर शब्द असे हवेत: "तयार झालेल्या प्रत्येक नगात किमान." आणि डिझायनरकडून टॉलरन्सचा हिशोब मागा, म्हणजे शेकडो काल्पनिक नग संगणकात बनवून त्यातले किती अटीत बसतात ते.

डिस्टॉर्शनच्या, म्हणजे चित्र कडेला ताणलं किंवा आवळलं जाण्याच्या, बाबतीत सैल राहा, निदान आमच्यासारख्या कामात. कडेला २ टक्के डिस्टॉर्शन म्हणजे मालावर ३ मि.मी.ची सरक. ती एकदा मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरली की हवेचा फवारा बरोबर दाण्यावर बसतो. धूसरपणा सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. मोजमापाचं काम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वाळूजला शाफ्टचा व्यास मोजणाऱ्या एका मित्राला साधी लेन्स चालेना, कारण पार्ट जरा पुढे आला की मोठा दिसायचा. त्याला टेलिसेंट्रिक लेन्स (वस्तू पुढेमागे झाली तरी तिचं माप तेवढंच दाखवणारी) लागली, आणि तिचं पुढचं भिंग पार्टपेक्षा मोठं असावं लागतं. ३०० मि.मी. रुंदीला ती घ्यायचा विचारही आमच्या आवाक्याबाहेर होता.

कडेचा उजेड: आमचा कोन मध्यापासून १८ अंशांचा. साध्या लेन्समध्ये केवळ त्या कोनामुळे कडेला मध्याच्या ८१ टक्के उजेड पडतो. ९५ टक्के मागाल तर पैसे त्यासाठी मोजाल. आम्ही ७० टक्के लिहिले आणि उरलेलं एलईडीच्या मांडणीने जमवलं.

९. मे महिना, धूळ आणि थरथर

हा भाग पुण्या-बंगळूरच्या वातानुकूलित लॅबमध्ये कुणाच्या डोक्यात येत नाही. तो तुम्हीच लिहायला हवा.

मी कॅमेऱ्याच्या पेटीत साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून मे महिन्यात आठवडाभर नोंदी केल्या. दुपारी तीनला पत्र्याच्या शेडमध्ये ४३ अंश, पेटीत ५८. डिसेंबरच्या पहाटे, तुरीचा नवा माल यायच्या दिवसांत, तीच पेटी १२ अंशांवर होती. हे आकडे नुसते 'तापमान जास्त असतं' असं लिहिण्यापेक्षा किती बोलके आहेत ते बघा. एफ/२.८ ला आमच्या सेन्सरची फोकसमधली सूट सुमारे अधिक-उणे २० मायक्रॉन. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं ४६.५ मि.मी. ॲल्युमिनियम ३० अंशांनी तापलं की ३२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे सकाळी जुळवलेला फोकस दुपारी गेलेला असतो, आणि ऑपरेटर म्हणतो "मशीन दुपारनंतर चावटपणा करतं." दोष मशीनच्या स्वभावाचा नसतो, तो धातू आणि काचेच्या फुगण्याचा असतो. २०.५ मि.मी. फोकल लेंथचं प्लॅस्टिकचं भिंग असेल तर तेवढ्याच तापमानाला फोकस साधारण दीडशे ते पावणेदोनशे मायक्रॉन हलू शकतो. म्हणून आम्ही लिहिलं: "५ ते ६५ अंश, फोकसला हात न लावता, आठव्या पायरीतला एमटीएफ टिकला पाहिजे." काचा आणि नळीचे धातू निवडून हे साधता येतं, पण डिझाइन सुरू व्हायच्या आधी सांगितलं तरच.

धूळ: डाळीच्या चुनीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि सगळीकडे शिरते. लेन्सच्या पुढे बदलता येणारी काच ठेवा आणि तिची जाडी कागदावर लिहा. मिलमधला पोरगा ती काच हाताला येईल त्या कापडाने पुसणार, हे गृहीत धरा. लेन्सचं पुढचं भिंग त्याच्या हाताला लागताच कामा नये.

थरथर: खालचा व्हायब्रेटर दिवसभर चालतो. फोकसची कडी स्क्रूने घट्ट करता यावी एवढं लिहिलं तरी पुरेसं असतं.

१०. नग, पैसा आणि 'हवंच' विरुद्ध 'असलं तर बरं'

पहिल्या वर्षी किती लेन्स, दुसऱ्या वर्षी किती, हे खरं सांगा. वाढवून सांगितलं तर डिझायनर महागडं टूलिंग असलेला मार्ग सुचवेल आणि तो खर्च तुमच्याच अंगावर येईल.

दोन प्रश्न आवर्जून विचारा. निवडलेली काच नेहमी स्टॉकमध्ये मिळणारी आहे का? आणि भिंगांच्या गोलाया बनवणाऱ्याकडे आधीच असलेल्या टेस्ट प्लेटशी (गोलाई तपासायच्या नमुना काचेशी) जुळवता येतील का? दर गोलाईला नवीन टेस्ट प्लेट करावी लागली तर पैसा आणि आठवडे दोन्ही जातात. अनुभवी डिझायनर हे आपणहून करतात, तरी विचारा.

मग सगळ्या अटींपुढे 'हवंच' किंवा 'असलं तर बरं' लिहा. आमच्या बावीस अटींत आधी वीस 'हवंच' होत्या. मॅडमशी तासभर बोलल्यावर नऊ उरल्या. वजन, लांबी, डिस्टॉर्शन, कडेचा उजेड हे सगळं 'असलं तर बरं'मध्ये गेलं. लॅटरल कलर, तापमान आणि उसळणाऱ्या दाण्याची खोली जागची हलली नाहीत.

डिझाइनची फाइल कोणाची, हेही याच टप्प्यावर लेखी ठरवा. पैसे तुम्ही दिले म्हणून भिंगांच्या गोलाया आणि काचांची यादी आपोआप तुमची होत नाही. पुढे दुसऱ्याकडून लेन्स बनवून घ्यायची वेळ आली तर ती यादी लागतेच.

११. लेन्स पास की नापास, हे कसं ठरणार?

हे ऑर्डरआधी लिहिलं नाही तर माल हातात आल्यावर भांडण ठरलेलं. आमच्या कागदावर होतं: २५ अंशांना एमटीएफ, मग दोन तास ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये, बाहेर काढताच फोकस न हलवता पुन्हा एमटीएफ. दोन्ही वेळा मध्य, ७० टक्के अंतर आणि कड, अशा तीन जागा.

प्रिझमवाला कॅमेरा असेल तर एक खास गोष्ट: चाचणीच्या बेंचवर प्रिझमच्या जाडीचा काचेचा ठोकळा ठेवायला सांगा. तो नसेल तर चांगली लेन्सही बेंचवर नापास होते. आमचे पहिले दोन नमुने असेच नापास म्हणून आले होते. ठोकळा लावून मोजल्यावर दोन्ही पास झाले.

आणि शेवटची परीक्षा बेंचवर नको, मालावर. पहिल्या दिवशी आणलेल्या त्या चार पुड्या मी जपून ठेवल्या होत्या. पहिली लेन्स आली त्या दिवशी त्याच मशीनमधून सोडल्या.

१२. डिझायनरला पाठवायची फाइल

- दोन पानांचं गरजपत्रक: प्रत्येक अटीला आकडा, एकक आणि 'हवंच' की 'असलं तर बरं'
- कॅमेऱ्याचं मेकॅनिकल ड्रॉइंग, सेन्सरची डेटाशीट, प्रिझम आणि फिल्टरच्या काचांची जाडी व प्रकार
- एलईडीचा तरंगलांबी आलेख
- मशीनमध्ये लेन्सला मिळणाऱ्या जागेचं ड्रॉइंग, पुढच्या काचेसकट
- तापमानाच्या नोंदी, किमान उन्हाळा आणि हिवाळ्यातल्या
- तयार लेन्सने काढलेले फोटो, जिथे अडलं ते दाखवून
- खऱ्या मालाच्या पुड्या, लेबल लावून
- नगांचा आणि बजेटचा खरा अंदाज
- गोपनीयतेचा करार

फाइल पाठवण्याआधी गरजपत्रकावर तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका. आमच्याकडे एकाच नावाच्या तीन फाइली फिरत होत्या. एकीत खोली १२ मि.मी. होती, दुसरीत १८, आणि डिझाइनचं काम दहा दिवस चुकीच्या आकड्यावर चाललं. आता प्रत्येक बदलाला नवा क्रमांक पडतो आणि जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते.

मॅडमचा पहिला आराखडा आला की त्यावर लगेच 'ठीक आहे' म्हणू नका. आपलं गरजपत्रक डाव्या हाताला ठेवा, त्यांचा अहवाल उजव्या हाताला, आणि एकेक ओळ जुळवून खूण करत जा. जिथे खूण करता आली नाही तिथे फोन करा. आमच्या आराखड्यात अशा दोन ओळी निघाल्या. त्यातली एक इन्फ्रारेडच्या फोकसची होती, आणि ती त्या टप्प्यावर सापडल्यामुळे काच बदलून दुरुस्त झाली. तेव्हा एकही भिंग घासायला गेलं नव्हतं.